राज्याची ओळख शिकवताना या चुका टाळा

आपल्या खानदेशात सहावीच्या वर्गात राज्यप्राणी कोणता असं विचारलं की निम्मी पोरं "वाघ" म्हणून मोकळी होतात. दोष पोरांचा नाही. राष्ट्रीय चिन्हं आणि राज्याची चिन्हं आपण एकाच आठवड्यात, एकाच तक्त्यावर उरकतो. मग मोर-हरियाल, वड-आंबा, कमळ-ताम्हण या जोड्यांचा काला होतो. आधी राष्ट्रीय चिन्हं पक्की होऊ द्या. राज्याची महिनाभराने काढा.

दुसरी चूक माझीच. नोकरीच्या पहिल्या वर्षी फळ्यावर आपला राज्यप्राणी शेकरू काढलं आणि हाताच्या सवयीने पाठीवर पट्टे ओढले. मागच्या बाकावरून आवाज आला, "सर, हाई ते खार शे!" पोरगं बरोबर होतं. शेकरूच्या पाठीवर पट्टे नसतात. रंग तांबूस-तपकिरी, पोट फिकट, आणि शेपटी धरून लांबी जवळपास तीन फूट. आता मी मीटरपट्टी आडवी धरतो आणि सांगतो, साधारण एवढं. अंगणातली खार डोळ्यांसमोर असल्यामुळे फरक लगेच बसतो. शेकरू बघायचं तर भीमाशंकरच्या जंगलात, हेही तेव्हाच सांगून टाकावं.

हरियालचं उलट आहे. तो आपल्याकडेच असतो, पण तक्त्यावरची छपाई इतकी भडक की पोरं त्याला पोपट म्हणतात. तो हिरवं कबूतर आहे, चोच कबुतराची, आणि ओळखायची खूण म्हणजे पिवळे पाय. वड, पिंपळ किंवा उंबर फळांनी लगडला की सकाळी लवकर झाडाखाली उभं करा. पानांत पानांसारखाच दिसतो, धीर धरावा लागतो. ताम्हण मात्र आपल्या रानात शोधत बसू नका. एखाद्या बागेत लावलेलं असेल तर एप्रिल-मे महिन्यात जांभळ्या फुलांचा फोटो काढून ठेवा, कारण जूनमध्ये शाळा भरेपर्यंत बहर सरत आलेला असतो. राज्य फुलपाखरू नीलवंत (२०१५) आणि राज्यमासा पापलेट (२०२३) ही भर जुन्या तक्त्यांवर नसते, तेवढी हाताने लिहून घ्या.

जुन्या गाईडवर विसंबणं ही मोठी चूक. त्यात जिल्हे ३५ असतात. १ ऑगस्ट २०१४ ला पालघर झाला आणि संख्या ३६ वर गेली. औरंगाबाद, उस्मानाबाद, अहमदनगर ही नावंही बदलली आहेत. आपल्या पोरांची आणखी एक खास चूक म्हणजे उत्तरपत्रिकेत "खानदेश जिल्हा" लिहिणं. असा जिल्हा खरंच होता, म्हणून नुसती लाल रेघ मारून भागत नाही. १९०६ मध्ये त्याचे पूर्व आणि पश्चिम खानदेश असे दोन भाग झाले, ते पुढे जळगाव आणि धुळे झाले, आणि १ जुलै १९९८ ला धुळ्यातून नंदुरबार निघाला. पोरांना घरचे जुने कागद आणायला सांगा. एकीने पणजोबांचा शाळेचा दाखला आणला होता, घडीवर फाटलेला, त्यावर "पूर्व खानदेश". त्या दिवशी मला वेगळं काही शिकवावं लागलं नाही. आज हे तिन्ही जिल्हे नाशिक विभागात येतात.

बहिणाबाईंची कविता अहिराणीत आहे असं शिक्षकसुद्धा बिनदिक्कत सांगतात. ती लेवा गणबोली. जळगावकडच्या शाळेत ही चूक केलीत तर पालक दारात येतील, आणि यायलाच हवेत.

नद्यांचा धडा घेताना "महाराष्ट्रातल्या नद्या पूर्वेकडे वाहतात" हे वाक्य तर आपल्याकडे उच्चारूच नका. समोर तापी पश्चिमेला सुरतेकडे निघालेली दिसते आणि सर म्हणतात पूर्वेला! पोरं पुस्तकावर विश्वास ठेवतात आणि डोळ्यांवर ठेवत नाहीत, हे वाईट. गोदावरी, कृष्णा, भीमा सह्याद्रीवरून पूर्वेच्या उतारावर जातात. तापी आणि नर्मदा खचदरीतून पश्चिमेला जातात. नकाशावर बोट फिरवून दोन्ही दाखवा.

२०२३ पासून राज्यगीत परिपाठाला होतं, पण त्यात पहिलंच नाव असलेली "रेवा" म्हणजे कोण, हे निम्म्या वर्गाला ठाऊक नसतं. काहींना ते मुलीचं नाव वाटतं. रेवा म्हणजे नर्मदा, आणि महाराष्ट्रात ती फक्त नंदुरबारला लागून, अक्कलकुवा-धडगावच्या सीमेवरून, सुमारे ५४ किलोमीटर वाहते. हे कळल्यावर पोरं ती ओळ जरा जोरात म्हणू लागली. मग कोणीतरी विचारलंच, "सर, तापी कुठंय गाण्यात?" नाहीये. म्हटलं, दोन ओळी तुम्हीच लिहा. दुसऱ्या दिवशी आलेल्या एका वहीत दोन ओळींत तापीबरोबर गिरणा, पांझरा आणि अनेरही कोंबल्या होत्या.