ब्रेकर ट्रिप झाला म्हणून डायल वाढवू नका

एमसीसीबी (पॅनेलमधला मोठा सर्किट ब्रेकर) ४०० अँपिअरचा, पण पुढची केबल २५० अँपिअरच पेलणारी? मग इलेक्ट्रॉनिक ट्रिप युनिटची (ब्रेकर कधी सोडायचा हे ठरवणाऱ्या भागाची) लाँग टाइम डायल, म्हणजे ओव्हरलोडची मर्यादा, ०.६ वर ठेवा; मर्यादा २४० अँपिअर होते. १ वर ठेवलीत तर ब्रेकर गप्प बसेल आणि केबल भाजेल. आतले सीटी (करंट ट्रान्सफॉर्मर) प्रत्येक फेजचा करंट मोजतात, मायक्रोप्रोसेसर हिशेब करतो. त्यामुळे जुन्या पद्धतीच्या ब्रेकरमधल्या बायमेटलवर (तापून वाकणाऱ्या धातूच्या पट्टीवर) होतो तसा पॅनेलमधल्या उकाड्याचा त्याच्यावर फारसा परिणाम होत नाही. शॉर्ट टाइमला (शॉर्ट सर्किटसाठीच्या सेटिंगला) सेकंदाच्या काही दशांशांचा उशीर दिला की खालचा ब्रेकर आधी सुटतो, अख्खा कारखाना अंधारात जात नाही. वारंवार ट्रिप होतोय? आधी क्लॅम्प मीटर (केबलभोवती अडकवून करंट मोजणारं) लावून लोड बघा, डायल फिरवायचा स्क्रूड्रायव्हर नंतर.