खेड्यात राहून जुन्या वळणाचं कॅथलिक कसं राहायचं, पोपवर न चिडता

आधीच सांगतो, मी काही धर्मपंडित नाही, कपाशी-तूर करणारा माणूस आहे. आमच्या गावात कॅथलिक घरं मोजून अकरा, फादर महिन्यातून दोनदा येतात, बाकीचे रविवार आमचे आम्ही. तरी दोन-तीन पोट्टे विचारून राहिले की दादा, जुन्या पद्धतीनं राहायचं आहे, लॅटिन मिस्सा, म्हणजे चर्चमधली जुनी लॅटिन भाषेतली मुख्य उपासना, तर इथं कोसभर काय, दोनशे कोसात नाही, अन् रोमच्या एकेक बातम्या वाचून डोकं खराब होते, करायचं काय. म्हणून हे लिहून राहिलो.

पहिलं काम मोबाईलचं. मी स्वतः दोन वर्ष रात्री बारापर्यंत अमेरिकेतल्या लोकांचे व्हिडिओ पाहत होतो, पोपनं आज काय केलं, कोणता कार्डिनल चिडला, अन् सकाळी रोझरीला, म्हणजे मरियामातेच्या जपमाळेला, मात्र डोळे उघडत नव्हते. मंग बायकोच म्हणाली की पोपची एवढी काळजी करता तर त्यांच्यासाठी मरियामातेची एक 'नमो मरिये' प्रार्थना तरी म्हणता का. नव्हतो म्हणत ना.

बातमी आली तर मूळ कागद पाहायचा, व्हॉट्सअ‍ॅपचा फॉरवर्ड नाही. १८ डिसेंबर २०२३ ले रोमहून समलिंगी जोडप्यांना आशीर्वाद द्यायबद्दलचा तो कागद निघाला, फिडुसिया सप्लिकान्स, तर आमच्या ग्रुपवर दुसऱ्याच दिवशी 'पोपनं समलिंगी लग्न मान्य केलं' असं फिरलं. कागदात तर लग्नाबद्दलची शिकवण बदलली नाही असं स्वतःच लिहिलं आहे. मले तो कागद आवडला का? नाही आवडला, आफ्रिकेतल्या बऱ्याच बिशपांनाही नाही आवडला अन् त्यांनी तसं सांगितलं. पण नाही आवडणं वेगळं अन् खोटं पसरवणं वेगळं.

दुसरं म्हणजे पोपचा प्रत्येक शब्द हा काही श्रद्धेचा भाग नसते, हे पक्कं समजून घ्या. पोप चुकत नाही हे १८७० मध्ये ठरलं ते एका ठराविक प्रकारच्या घोषणेपुरतं, अन् त्यानंतर तशी घोषणा झाली १९५० मध्ये, मरियामातेच्या स्वर्गारोहणाची. विमानात पत्रकारांशी बोललेलं त्यात येत नाही. पोप जॉन बाविसाव्यांनी तर १३३१ मध्ये प्रवचनात सांगितलं होतं की मेलेल्या संतांनाही शेवटच्या न्यायापर्यंत देवाचं पूर्ण दर्शन होत नाही, त्यावर मोठमोठे धर्मपंडित भांडले अन् १३३४ मध्ये मरायच्या आदल्या दिवशी पोपनं ते मागं घेतलं. चर्च तेव्हाही चालूच होतं. आमच्या शेजारचे काका रोज संध्याकाळी हरिपाठ म्हणतात, पंढरपूरच्या मंदिर समितीवर कोण बसलं याची चौकशी करून मंग नाही म्हणत.

आता जुन्या मिस्साचा नियम काय आहे ते थोडक्यात. १९६२ चं जुनं मिस्सल, म्हणजे मिस्साचं पुस्तक, होतं, १९६९ मध्ये पोप पॉल सहावे यांनी नवीन मिस्सा आणली, २००७ मध्ये बेनेडिक्ट सोळावे यांनी जुनी मिस्सा बरीच मोकळी केली अन् १६ जुलै २०२१ ले फ्रान्सिस यांनी ती परत आवळली, आता परवानगी बिशपच्या हातात अन् धर्मग्रामाच्या (पॅरिशच्या) चर्चमध्ये तर रोमच्या परवानगीशिवाय नाहीच. २१ एप्रिल २०२५ ले फ्रान्सिस वारले, ८ मे ले लिओ चौदावे आले, पण पोप बदलला म्हणून दुसऱ्या दिवशी नियम नाही बदलला. जुनी मिस्साच धरून बसलेले आर्चबिशप लेफेव्हर, त्यांच्या सोसायटीबद्दलही पोट्टे विचारतात. १९८८ मध्ये त्यांनी रोमच्या परवानगीशिवाय चार बिशप केले, चर्चमधून बहिष्कार पडला, तो २००९ मध्ये त्या चौघांवरून उठला, अन् सोसायटीच्या फादरांना कन्फेशन (पापांची कबुली) ऐकायचा अधिकार दिला २०१५ मध्ये कोणी? फ्रान्सिसनंच. ज्याले आपण लिबरल म्हणतो त्यानं. म्हणून माणसाले एका शब्दात बसवू नका बापा.

पण खरं सांगू का, आपल्या खेड्यात जे जुनं गेलं ते कोणत्या पोपनं नेलं नाही. आपणच सोडलं. माझी आजी लॅटिन मिस्साच्या काळातली, तिले अक्षर वाचता येत नव्हतं पण मातेची लितानी, म्हणजे एकेक नाव घेऊन केलेली विनवणी, आली की ती 'ओरापनोबी, ओरापनोबी' करत राहायची, मले लहानपणी वाटे की हा वऱ्हाडीच शब्द आहे काही. 'ओरा प्रो नोबिस', आमच्यासाठी विनंती कर. शहाबादी फरशीवर युरियाचं रिकामं पोतं चार घड्या करून टाकायची अन् त्यावर गुडघे, पदर डोक्यावर, पूर्ण रोझरीभर. ते पोतं अजून घरात आहे, आजी गेल्यावर आम्ही प्लॅस्टिकच्या खुर्च्या आणल्या अन् त्यावर बसून रोझरी म्हणू लागलो. यात रोमचा काय दोष?

तर सुरुवात शुक्रवारपासून करा. १९८३ च्या कॅनन लॉमध्येही, म्हणजे चर्चच्या कायद्यातही, वर्षभरच्या शुक्रवारचं मांस वर्ज्य आहेच, बिशप मंडळींना त्यात बदल करायची मुभा आहे एवढंच. आपल्याले अवघड काय आहे, झुणका-भाकर, अंबाडीची भाजी. सावजीत मटण खायले जायचं ते शनिवारी जा. कम्युनियनच्या (ख्रिस्तप्रसाद घ्यायच्या) आधीचा उपास आता एक तासाचा आहे, पायस बाराव्यांच्या वेळी १९५७ पासून तीन तासांचा होता अन् त्याआधी मध्यरात्रीपासून. तुम्ही तीन तासांचा धरा, पाणी चालते. शुगरवाल्यांनी अन् सकाळी फवारणी करून येणाऱ्यांनी हट्ट करू नका, चक्कर येऊन पडला तर मिस्सा राहते बाजूले.

फादर येत नाहीत त्या रविवारी घरी बसून टीव्हीवर मिस्सा लावून चहा पिणं बंद करा. सगळे धुतलेले कपडे घालून एका घरी जमा, त्या रविवारचं बायबलमधलं पत्र अन् शुभवर्तमान मोठ्यानं वाचा, रोझरी करा, मनातल्या मनात ख्रिस्तप्रसादाची इच्छा सांगा. आम्ही त्यात ख्रिस्तपुराणाच्या दहा ओव्या म्हणतो, फादर स्टीफन्स यांचं, १६१६ चं, आपल्या जुन्या मराठीतलं. जुनं म्हणजे फक्त लॅटिनच असं डोक्यात बसलेल्या पोट्ट्यांना मी हे मुद्दाम दाखवतो. भाषा जड आहे, अर्ध समजत नाही, तरी चाल लागली की पोरं सोडत नाहीत.

लॅटिनही शिका, थोडंसंच. पातेर नोस्तेर (हे आमच्या बापा), सांक्तुस (पवित्र, पवित्र), आन्युस देई (देवाचं कोकरू), या मिस्सातल्या प्रार्थना वहीत देवनागरीत लिहून घ्या, पंधरा दिवसात पाठ होते. कोणी हसलं तर सांगा की लोकांना आपल्या वाट्याचं लॅटिनमध्येही म्हणता यावं हे दुसऱ्या व्हॅटिकन परिषदेनंच १९६३ मध्ये लिहिलं आहे.

जिभेवर कम्युनियन घ्यायचा तुमचा हक्क आहे, रोमच्या २००४ च्या सूचनेत, परिच्छेद ९२ मध्ये. पण पद्धत पाहा. मी पहिल्यांदा भर लाईनीत अचानक गुडघ्यावर बसलो अन् मागचा म्हातारा माझ्यावर येऊन आदळला, मिस्सा झाल्यावर फादरशी त्यावरून वाद घातला तो वेगळाच. तीन महिने मले वाचनाले उभं केलं नाही. चूक माझी होती. लाईनीत सगळ्यात शेवटी थांबा, हात जोडलेले ठेवा, जीभ नीट बाहेर काढा नाहीतर फादरची बोटं लागतात.

बिशपले पत्र लिहायचं असेल तर जरूर लिहा, तो हक्क कॅनन २१२ मध्येच आहे. एक पान, वर गावाचं नाव अन् किती घरं ते, भाषा नम्र, पोपबद्दल एक शब्द नाही. अन् एकदम जुनी मिस्सा मागू नका, मिळणार नाही अन् तुमच्या नावावर शिक्का पडेल. आम्ही मागितलं ते एवढंच की फादरांनी मिस्साच्या आधी अर्धा तास कन्फेशनले बसावं अन् महिन्यातून एकदा सांक्तुस लॅटिनमध्ये गाऊ द्यावं. कन्फेशनचं दुसऱ्याच महिन्यात सुरू झालं, आता तिथं लाईन लागते. सांक्तुसचं उत्तर अजून यायचं आहे.

रोझरीची वेळ ठरवताना मात्र लाईटचं वेळापत्रक पाहून घ्या. आमच्याकडं या आठवड्यात थ्री-फेज रात्री साडेनऊले येते, मंग मोटर चालू करायले वावरात पळावं लागते, म्हणून आम्ही आठले बसतो, पोत्यावर.