केसांनी भरतकाम: गेलेल्या माणसाची आठवण कापडावर कशी उतरवायची

आईची नाहीतर आजीची कापलेली वेणी कपाटात जपून ठेवलीय आणि तिचं काहीतरी करायचंय, अशांसाठी हे लिहितेय. आधी घरात विचारा हं, गेलेल्याचे केस घरात ठेवणं आपल्याकडे बऱ्याच जणांना पटत नाही, त्यांचं मन मोडून करू नका.

तिकडे ही रीतच होती. १७९९ ला जॉर्ज वॉशिंग्टन गेले तेव्हापासून अमेरिकेत शाळेतल्या मुली रेशमावर समाधीचा कलश आणि फांद्या खाली झुकलेलं विलोचं झाड भरायच्या, काही कामांत बारीक रेघा चक्क केसांनी घातलेल्या असायच्या, लांबून छापील चित्रच वाटावं इतक्या बारीक. आपण कलशाऐवजी तुळशीवृंदावन काढूया, सरळ रेघा असतात म्हणून सोपं जातं.

केस वीतभर तरी लांब हवेत. गुंतवळ नको, त्यात मुळं आणि टोकं उलटसुलट झालेली असतात. तेल पूर्ण जाईपर्यंत शाम्पूने धुवा, नाहीतर सिल्कवर डाग पडतो, मग सावलीत वाळवा. कापड सोलापुरात नवी पेठेत मिळेल, क्रीम रंगाचं, घट्ट विणीचं सिल्क. चादरीचं किंवा टॉवेलचं कापड घेऊ नका, त्या जाड सुतात केस दिसतच नाही.

आता महत्त्वाचं. केसावर खवले असतात आणि ते टोकाकडे वळलेले असतात, म्हणून मुळाकडची बाजू सुईत ओवायची, मग केस कापडातून अलगद सरकतो. मूळ कुठलं ते कळत नसेल तर केस अंगठा आणि बोटात धरून लांबीच्या दिशेने मागेपुढे चोळा, तो हळूहळू मुळाच्या बाजूने पुढे सरकतो.

सुई सगळ्यात बारीक घ्या, कापड रिंगमध्ये ताणा. सुरुवातीला गाठ मारू नका, केसाची गाठ सुटते, त्याऐवजी रेघेखाली झाकले जातील असे दोन-तीन बारीक टाके घ्या आणि पुढे उलटी टीप घालत जा, म्हणजे सुई पुढे वर काढून मागे आधीच्या टाक्याच्या टोकाशी खाली घालायची. केस आखूड असतील तर कापडावर नुसते मांडून वरून रेशमाच्या धाग्याने टाचा. एप्रिल-मेमधे सोलापूरच्या कोरड्या हवेत केस कडक होऊन पटापट तुटतात, म्हणून ओला रुमाल जवळ ठेवा आणि केस त्यातून ओढून मगच ओवा.

फ्रेम करताना काच कामाला टेकू देऊ नका, ऊन लागेल अशा भिंतीवर लावू नका. लोकर खाणारी कसर केसही खाते, त्यामुळे मागची बाजू नीट बंद करून घ्या आणि पावसाळ्यानंतर एकदा तपासा.