दुकान सर्वांसाठी उघडे, कॅमेऱ्यासाठी नाही: सोलापुरात छायाचित्रणाचा व्यवसाय सुरू करणाऱ्यांसाठी

सोलापुरात आमच्याकडे काम शिकायला येणारी मुले-मुली लेन्स, प्रकाश आणि एडिटिंग यांविषयी खूप विचारतात. आपण ज्या जागेत उभे आहोत तिथे फोटो काढायचा अधिकार आपल्याला आहे का, हा प्रश्न मात्र सुरक्षारक्षकाने हटकल्यावरच त्यांना पडतो. या व्यवसायातले बरेचसे काम दुकाने, हॉटेले, मॉल, मंगल कार्यालये अशा जागांत होते. या जागा लोकांना खुल्या असल्या तरी मालकीने खासगी असतात, त्यामुळे हा विषय सुरुवातीलाच नीट समजून घेतलेला बरा.

रस्त्यावरून फोटो काढण्यास सरसकट मनाई करणारा कायदा आपल्याकडे नाही. सात रस्त्यावर किंवा पार्क चौकात उभे राहून जे उघड दिसते, त्यात दुकानाची पाटी आणि इमारतीचा दर्शनी भागही आला, ते टिपण्यासाठी सहसा कोणाची परवानगी लागत नाही. चाटी गल्लीतल्या एखाद्या दुकानाची पायरी चढलात की मात्र परिस्थिती बदलते. दार उघडे ठेवून मालकाने दिलेली मूक परवानगी खरेदीपुरती असते आणि तिला तो अटी घालू शकतो. ‘फोटो काढू नयेत’ अशी पाटी असेल तर प्रश्नच मिटला. ती नसेल आणि गल्ल्यावरच्या माणसाने तोंडी ‘नको’ म्हटले, तरी त्या शब्दाला पाटीइतकेच वजन आहे.

मालकाचा हा अधिकार कुठे संपतो, हेही तितकेच माहीत असावे. तो तुम्हाला थांबायला आणि बाहेर जायला सांगू शकतो. सांगूनही तुम्ही हुज्जत घालत, त्याला त्रास देण्याच्या हेतूने तिथेच थांबलात, तर भारतीय न्याय संहितेच्या कलम 329 खाली फौजदारीपात्र अतिक्रमणाचा आरोप होऊ शकतो. त्याला तीन महिन्यांपर्यंत कैद किंवा 5,000 रुपयांपर्यंत दंड किंवा दोन्ही अशी शिक्षा आहे. परंतु तसा कोणताही हेतू नसताना नुसता फोटो काढला, म्हणून हा गुन्हा होत नाही. सुरक्षारक्षकाला तुमचा कॅमेरा हिसकावण्याचा, मेमरी कार्ड काढून घेण्याचा किंवा फोटो डिलीट करायला भाग पाडण्याचा अधिकार नाही. संशयास्पद वस्तू जप्त करण्याचा अधिकार भारतीय नागरिक सुरक्षा संहितेच्या कलम 106 ने पोलिसांना दिला आहे, खासगी कर्मचाऱ्याला नव्हे. तुमची वाट अडवून धरणे हा तर त्याच्याच अंगलट येणारा प्रकार आहे. असे असले तरी माझा सल्ला असा की, कलमांचे आकडे मनात ठेवावेत आणि तोंडाने ‘ठीक आहे, निघतो’ एवढेच म्हणावे. गावात रोज याच लोकांकडे काम मागायचे असते.

आपल्या शहरात नकाराचे सर्वांत खरे कारण सापडते ते चादरीच्या धंद्यात. अक्कलकोट रस्त्याच्या बाजूला अनेक ठिकाणी पुढे विक्रीचे दालन आणि मागे यंत्रमाग अशी रचना दिसते. अशा एका ठिकाणी मालकांनी घड्या घातलेल्या चादरींच्या थप्पीचे फोटो मला निवांत काढू दिले. नंतर मागावर अर्धी विणून झालेली चादर मी नुसती पाहत होतो, तर त्यांनी पुढे होऊन सुताची रिकामी गोणी तिच्यावर टाकली आणि ‘ही नक्षी अजून बाजारात गेलेली नाही’ असे सांगितले. ही भीती निराधार नाही. डिझाइन अधिनियम, 2000 प्रमाणे नोंदणी झालेल्या नक्षीला आधी दहा आणि मुदतवाढ घेतल्यास आणखी पाच वर्षे संरक्षण मिळते. मात्र अर्ज करण्यापूर्वी ती लोकांसमोर आलेली नसावी, ही त्यातली मुख्य अट आहे. म्हणजे तुम्ही कौतुकाने इन्स्टाग्रामवर टाकलेला एक फोटो त्या कारखानदाराची नोंदणीची संधी घालवू शकतो. दालनातले फोटो आणि मागावरचे फोटो यांची परवानगी म्हणूनच वेगवेगळी विचारावी, आणि ती कामगाराला न विचारता ‘मालक, एवढेच काढतो’ असे सांगून मालकालाच विचारावी.

सोलापूरच्या सिद्धेश्वराच्या गड्ड्याच्या यात्रेतही रस्ता आणि खासगी आवार यांतला हाच फरक लागू पडतो. नंदीध्वजांची, म्हणजे सजवलेल्या उंच मानाच्या काठ्यांची, मिरवणूक रस्त्यावरून जाते तेव्हा ती टिपायला कोणी अडवत नाही. मंदिराच्या आवारात देवस्थानाचा शब्द अंतिम मानावा आणि आधी कार्यालयात विचारून यावे.

काही ठिकाणी मालकाने होकार दिला तरी कायदा आड येतो. चित्रपटगृहात पडद्यावरचा चित्रपट अनधिकृतपणे चित्रित करणे 2023 च्या दुरुस्तीनंतर स्पष्टपणे गुन्हा आहे आणि त्याला किमान तीन महिन्यांची कैद व किमान तीन लाख रुपये दंड आहे. खासगी कृतीत असलेल्या स्त्रीचे चोरून चित्रण करणे न्याय संहितेच्या कलम 77 खाली येते, आणि कोणाच्याही खासगी अवयवांचे संमतीविना चित्रण करणे माहिती तंत्रज्ञान कायद्याच्या कलम 66-ई खाली. कपड्यांच्या दुकानातली ट्रायल रूम किंवा रुग्णालयातला वॉर्ड यांच्या आसपास कॅमेरा पिशवीतच असावा. खासगीपणा हा मूलभूत अधिकार असल्याचे सर्वोच्च न्यायालयाने 2017 मध्ये नऊ न्यायाधीशांच्या पीठाद्वारे सांगितले आहे. त्यामुळे ओळखू येणारा चेहरा जाहिरातीत वापरायचा असेल तर त्या व्यक्तीची लेखी संमती घ्यावी, आणि मूल असेल तर पालकांची. फोटो काढण्याची परवानगी आणि तो वापरण्याची परवानगी या दोन निरनिराळ्या गोष्टी आहेत.

हॉटेलच्या दर्शनी दालनात कायमस्वरूपी बसवलेल्या शिल्पाचा फोटो काढल्याने किंवा प्रसिद्ध केल्याने स्वामित्वहक्काचा (कॉपीराइटचा) भंग होत नाही, कारण लोकांना प्रवेश असलेल्या जागेतील शिल्पांसाठी 1957 च्या स्वामित्वहक्क कायद्याच्या कलम 52 मध्ये तशी सूट आहे. त्याच दालनातल्या भिंतीवरील चित्राला मात्र ही सूट लागू नाही, आणि हा बारकावा जुन्या छायाचित्रकारांनाही अनेकदा माहीत नसतो.

लग्नकार्यात कार्यालयाचे व्यवस्थापक आणि वधू-वरांची घरची मंडळी अशा दोन्ही बाजूंची संमती लागते; दिवे आणि स्टँड कुठे लावायचे, हे व्यवस्थापकांशी आदल्या दिवशीच ठरवावे. इथे आणखी एक मुद्दा येतो. मोबदला घेऊन दुसऱ्याच्या सांगण्यावरून काढलेल्या छायाचित्राचा पहिला स्वामित्वहक्क, वेगळा करार नसेल तर, त्याच स्वामित्वहक्क कायद्याच्या कलम 17 नुसार काम देणाऱ्याकडे जातो. तेच फोटो आपल्या नमुना अल्बममध्ये किंवा दुकानाच्या फलकावर वापरायचे असतील, तर बुकिंगच्या पावतीवर तशी ओळ लिहून ॲडव्हान्स घेतानाच सही घ्यावी. लग्न पार पडल्यावर त्या सहीसाठी फेऱ्या माराव्या लागतात.