ढगाळ दिवशी यलोस्टोनचे रंगीत झरे कसे टिपावेत

उन्हाळ्यात गावाकडून आई-वडील, काका-मावशी आले की आम्हा सॉल्ट लेक सिटीतल्या मराठी घरांच्या गाड्या यलोस्टोन राष्ट्रीय उद्यानाकडे निघतात. पाचेक तासांचा रस्ता आहे. तिथे पोचल्यावर आभाळ भरलेलं दिसलं की सगळ्यांचे चेहरे उतरतात, "आता काय फोटो येणार" म्हणून कॅमेरे बॅगेत जातात. मला हे अजिबात पटत नाही. तिथल्या गरम पाण्याच्या झऱ्यांकाठच्या नारिंगी, पिवळ्या, तपकिरी रंगांसाठी ढगाळ उजेडासारखा उजेड नाही.

हे रंग जिवाणूंचे आहेत. ग्रँड प्रिझमॅटिक या सर्वांत मोठ्या झऱ्यात मधलं पाणी सगळ्यांत गरम असतं. तिथून ते काठाकडे पसरत निवत जातं, आणि प्रत्येक तापमानाला वेगळे जिवाणू थर धरतात. उन्हाळ्यात त्यांच्यात कॅरोटिनॉइड रंगद्रव्यं वाढतात, म्हणून नारिंगी रंग भडक होतो. थंडीत तेच थर हिरवट दिसतात. हे थर कायम ओले असतात. कडक उन्हात त्यांच्यावर हजार ठिकाणी पांढरे ठिपके चमकतात आणि खालचा रंग जळतो. ढगांखाली ते ठिपके नाहीसे होतात, थरांचे पापुद्रे, सुरकुत्या, पाण्याच्या धारांनी काढलेल्या रेषा सगळं स्पष्ट येतं.

अडचण एकच, पण मोठी: पांढरं आभाळ पाण्यात उतरतं. पाण्यावर दुधाळ पडदा पसरतो आणि रंग फिका पडतो. यावर उपाय पोलरायझर फिल्टर, म्हणजे लेन्सपुढे लावायची, परावर्तन कापणारी फिरती काच. तो निळ्या आभाळासाठीच असतो असं समजून बरेच जण ढगाळ दिवशी घरी ठेवतात. इथे तर त्याच्यावाचून निघूच नका. पाण्याच्या पृष्ठभागाशी तुमची नजर साधारण ३७ अंशांचा कोन करते तिथे तो परावर्तन जवळपास पूर्ण कापतो. लाकडी पायवाटेवर उभं राहिलात तर हा कोन तुमच्यापासून दोन-अडीच मीटरवरच्या पाण्याला लागतो. म्हणून लांबचं पाणी सोडा, पायाशी बघा. लेन्स खाली वळवा, फिल्टर सावकाश फिरवा, आणि तळ दिसू लागला की थांबा. ढगाळ आभाळात वाइड लेन्सवर पोलरायझर लावला तरी निळ्या आभाळात पडतो तसा काळपट पट्टा पडत नाही, हा आणखी एक फायदा.

फिल्टर दीड-दोन स्टॉप उजेड खातो (एक स्टॉप कमी म्हणजे उजेड निम्मा). म्हणून आयएसओ ४०० ते ८०० ठेवते, अ‍ॅपर्चर एफ/८, शटर १/२५० च्या आसपास. ट्रायपॉड इथे फारसा कामाचा नाही: माणसं चालली की फळ्या थरथरतात आणि त्यांच्याबरोबर ट्रायपॉडही. वाट अरुंद आहे, मागच्यांची अडवणूक होते ती वेगळीच.

वाफ आणि सिलिका या खनिजाची पांढरी जमीन यांनी फ्रेम भरली की कॅमेऱ्याचा उजेड मोजणारा मीटर फसतो, सगळं करडं करून टाकतो. एक्स्पोजर दोन-तृतीयांश ते एक स्टॉप वाढवा. मात्र नारिंगी थर फ्रेममध्ये भरपूर असतील तर हिस्टोग्राममध्ये, म्हणजे कॅमेऱ्यावरच्या उजेडाच्या आलेखात, लाल रंगाची रेघ वेगळी बघा. ती उजव्या टोकाला आदळली तर रंगातला पोत गेला, तो परत येत नाही. व्हाइट बॅलन्स (रंगछटेची सेटिंग) ऑटोवर नको, कारण कॅमेरा नारिंगीला चूक समजून निवळून टाकतो. 'क्लाउडी' वर कायम ठेवा आणि रॉ मध्ये, म्हणजे कॅमेऱ्याने न बदललेल्या फाइलमध्ये, काढा.

आभाळ फ्रेममध्ये घेऊ नका. पांढरं, मोकळं आभाळ नजरेला वर खेचून नेतं. लांबचं जवळ आणणारी ७०-२०० सारखी लेन्स असेल तर काठाची एखादी वळणदार कड, दोन रंगांची शीव, पाणी वाहून जाणारा चर एवढंच धरा.

जागा कुठली? ग्रँड प्रिझमॅटिक जिथे आहे त्या मिडवे बेसिनची पायवाट जवळून पोत टिपायला उत्तम. संपूर्ण वर्तुळ हवं असेल तर फेअरी फॉल्सच्या वाटेवरून एक किलोमीटरभर चढून २०१७ साली खुल्या झालेल्या ओव्हरलूकवर, म्हणजे उंचावरून झरा बघायच्या जागेवर, जा. पण खरं सांगते, मधला गर्द निळा रंग ढगाळ दिवशी मंदच येतो. त्याला डोक्यावरचं ऊनच लागतं. ढगाळ दिवस काठाच्या रंगांना द्या. किंवा ओल्ड फेथफुल या उसळत्या झऱ्यापासून सव्वादोन किलोमीटरवरच्या मॉर्निंग ग्लोरी या झऱ्याकडे जा. लोकांनी त्यात नाणी, कचरा टाकून पाण्याचे मार्ग तुंबवले, पाणी निवलं आणि कडेचा पिवळा-नारिंगी रंग आत सरकला. तो बघताना मला दर वेळी वाईट वाटतं.

थंड सकाळी वाफच वाफ असते, म्हणून दुपारी जरा ऊब आली की जा. वाऱ्याकडे पाठ करून उभे राहा, म्हणजे वाफ पलीकडे जाईल. ती अंगावर आली तर लेन्स झाका. तिच्यातल्या तुषारांत सिलिका असते आणि ती काचेवर वाळली की सहज निघत नाही. मऊ कापड खिशातच ठेवा आणि थेंब ओले असतानाच टिपून घ्या.

वज्रेश्वरी-गणेशपुरीच्या कुंडांत स्नान केलेल्या पाहुण्यांना इथे आधीच बजावून ठेवा: पाण्याला हातसुद्धा लावायचा नाही, पायवाट सोडायची नाही. जमिनीचं कवच पातळ असतं आणि खाली उकळतं पाणी. लेन्सचं झाकण पडलं तर पडू द्या, रेंजरला सांगा. ड्रोनला पूर्ण बंदी आहे.

घरी फोटो सुधारताना सॅच्युरेशनला (रंगाच्या भडकपणाला) हात लावू नका. आधी डीहेझ (धूसरपणा काढणारी सेटिंग) थोडा वाढवा, मग काळ्या छटा जराशा खाली ओढा. दुधाळपणा निघाला की नारिंगी आपोआप उठून येतो.