मिरगाच्या आधी गावानं करायची तयारी

दुष्काळाला आणि पुराला तोंड द्यायचा आराखडा गावानं मिळून करायचा, तर सगळ्यात आधी बैठकीची तारीख ठरवा. बीड-धाराशिवकडची ऊसतोडीला गेलेली कुटुंबं एप्रिल-मेपर्यंत परततात आणि दिवाळीच्या आसपास पुन्हा निघतात. म्हणून एक बैठक मेअखेरीस घ्या आणि दुसरी दसरा झाल्या झाल्या, ट्रॅक्टर भरायच्या आत. ती माणसं नसताना केलेल्या आराखड्याला गावाचा आराखडा म्हणू नये. तांड्यावर, वस्तीवरही जाऊन बसा. दिवे लागणीची वेळ टाळा, तेव्हा बायका चुलीपुढे असतात, आणि कुठला हातपंप कोणत्या महिन्यात हवा ओढायला लागतो हे त्यांच्याइतकं कुणालाच ठाऊक नसतं.

दुष्काळ आणि पूर, दोन्ही एकाच बैठकीत घ्या. एप्रिल 2016 मध्ये मिरजेहून रेल्वेनं लातूरला पाणी न्यावं लागलं. याच अवर्षणप्रवण पट्ट्यात सप्टेंबर 2025 मध्ये सीना नदीचं पाणी करमाळा, माढा, मोहोळ भागांतल्या घरांत शिरलं आणि रानंच्या रानं खरडून गेली.

मग शिवारफेरी. ओढा उगमापासून चालत या. कुठे बांध फुटलाय, कुठे पात्रात शेत सरकलंय, रस्त्याखालच्या कुठल्या नळ्या गाळानं बुजल्यात, सगळं वहीत उतरवा. परत आल्यावर देवळापुढे रांगोळीनं शिवाराचा नकाशा काढा आणि म्हाताऱ्यांना विचारा, पाणी कुठवर आलं होतं? दाखवतील त्या भिंतीवर रंगानं रेघ ओढा, साल घाला.

हिशेबाला मात्र भरपूर वेळ द्या, कारण डोळे उघडतात ते इथेच. एक हेक्टरवर एक मिलिमीटर पाऊस म्हणजे 10 हजार लिटर पाणी. शिवार 1000 हेक्टरचं आणि पाऊस 500 मिलिमीटर धरला तर पडलं 500 कोटी लिटर. गावात 2000 माणसं, माणशी रोज 55 लिटर, म्हणजे वर्षाला साधारण 4 कोटी. पडलेल्यातलं बरंचसं वाहून, उडून जातं हे खरं. तरीही त्याच गावाला चैत्रात टँकरची वाट पाहावी लागते, याचं मला फार वाईट वाटतं. माणसं झाली की जनावरं मोजा, आणि पिकांचा नंबर त्यानंतर. हिवरे बाजारनं हेच केलं: दरवर्षी पाण्याचा ताळेबंद मांडायचा, त्यावर पिकं ठरवायची, शेतीसाठी बोअर घ्यायचं नाही. ऊस किती लावायचा हा प्रश्न भांडणाचा आहे, पण तो ऑक्टोबरातच, सगळ्यांसमोर भांडून घ्या. पुढे विहिरी तळाला गेल्यावर भांडून पाणी येत नाही.

ताळेबंदासाठी आकडे आपलेच हवेत. शाळेच्या मोकळ्या पटांगणात पर्जन्यमापक बसवा, झाडापासून, भिंतीपासून लांब, आणि रोज सकाळी साडेआठला पोरांकडून नोंद करून घ्या. पाच-सहा विहिरी निवडा. फुटाफुटावर गाठ मारलेली दोरी दगड बांधून सोडायची, ओली कुठून झाली ते पाहायचं. एवढं कुणालाही जमतं.

पुरासाठी खालच्या आळीतली घरं नावानिशी लिहा: कुठे बाळंतीण, कुठे अंथरुणावरचं माणूस, रात्री त्यांना कोण उठवणार. वीज जाते, म्हणून नुसत्या भोंग्यावर विसंबू नका, दवंडी द्यायला माणूस नेमा. दावणीची जनावरं आधी सोडायची, हे लहानांनाही सांगून ठेवा. सातबारा, बँकेची पासबुकं, औषधं प्लास्टिकच्या पिशवीत घालून आढ्याला टांगा. कडब्याची गंज उंचवट्यावर रचा, ती भिजली तर पूर ओसरल्यावर चाऱ्याचा दुष्काळ ठरलेला.

पाणी उतरलं की चिखल काढायच्या आधी फोटो काढून ठेवा, पंचनाम्याला लागतात. आणि त्याच दिवशी रंगाचा डबा घेऊन भिंतीपाशी जा. ओल वाळायच्या आत नवी रेघ ओढायची असते.