जुन्या कबरी-समाध्या साफ करताना या चुका टाळा

कोल्हापूर-पन्हाळा भागात दिवाळीनंतर स्वच्छता मोहिमा सुरू होतात. पोरं मनापासून राबतात, पण सोबत तारेचा ब्रश आणि अ‍ॅसिडची बाटली असते. या दोन वस्तू घरीच ठेवा.

अ‍ॅसिड. सर्वात जास्त नुकसान यानेच होतं. इंग्रजी अमदानीतल्या कबरीवर बांधकाम काळ्या दगडाचं किंवा विटांचं असलं, तरी लेखाची पाटी बऱ्याचदा संगमरवराची असते. तिच्यावर फरशी धुण्याचं अ‍ॅसिड ओतलं की फेस येतो, सगळ्यांना वाटतं मळ निघतोय. तो मळ नव्हे, दगडच विरघळतोय. पाटी पांढरीशुभ्र दिसते, फोटो निघतात. पुढच्या पावसाळ्यापर्यंत पृष्ठभाग खरबरीत होतो, त्यात शेवाळ आधीपेक्षा घट्ट धरतं, अक्षरांच्या कडा बोथट होतात. अक्षरांत शिसं भरलेलं असेल तर तेही सुटून पडतं. काळ्या दगडावर फेस येत नाही म्हणून निर्धास्त राहू नका. त्यातल्या लोहामुळे तांबूस डाग उमटतात.

म्हणून आधी दगड ओळखा. फुटक्या कडेला भिंग लावून बघा: संगमरवरात साखरेसारखे चमकते कण दिसतात, बेसाल्ट, म्हणजे आपल्याकडचा काळा दगड, बारीक कणांचा. दगड स्थानिकच असेल असं धरून चालू नका. कोलकात्यात सेंट जॉन्स चर्चच्या आवारात जॉब चार्नॉकची कबर आहे. त्याला त्या शहराचा संस्थापक म्हणत (2003 साली तिथल्या उच्च न्यायालयाने ते अमान्य केलं). त्याच्या कबरीचा दगड मद्रासकडचा. थॉमस हॉलंड या भूशास्त्रज्ञाने त्यावरूनच त्या खडकाला 'चार्नोकाइट' नाव दिलं.

मग बोटाच्या पेराने पाटी हलकेच वाजवा. पोकळ आवाज आला तर पाणीसुद्धा लावू नका, जाणकाराला बोलवा. भरीव असेल तर साधं पाणी मारून 10-15 मिनिटं भिजू द्या, मऊ ब्रशने खालून वर घासा. वरून सुरुवात केली तर घाण पाण्याचे ओघळ कोरड्या भागावर डाग पाडतात. दगडफूल निघत नसेल तर पुन्हा भिजवा, बांबूच्या चपट्या काडीने हळू सोडवा. एका दिवसात संपवायची घाई असेल त्याने या कामाला येऊ नये.

सिमेंट. सांधे उकलले की लगेच सिमेंट भरायचं, ही दुसरी खोड. जुनं काम चुन्यात आहे. आत शिरलेलं पाणी चुन्याच्या सांध्यांतून बाहेर पडतं. सिमेंटने ती वाट बंद होते, ओल विटांतून आणि पाटीच्या कडांतून वाट काढते, क्षार आतल्या आत साठतात आणि पोपडे सुटतात. नंतर ते सिमेंट छिन्नीने काढताना दगडाची कडही जाते. भिजवून मुरवलेला चुना एक भाग, चाळलेली वाळू तीन भाग घ्या. भरल्यावर निदान आठवडाभर ओलं गोणपाट ठेवा. नदीकाठच्या समाध्या पुरात बुडतात, तिथे ताजा चुना पावसाच्या तोंडावर कधीच भरू नका.

अक्षरांत ऑइलपेंट भरू नका.

वाचण्यासाठी पीठ किंवा खडूही चोळू नका. पीठाने बुरशी धरते. संध्याकाळी बॅटरी पाटीला जवळजवळ समांतर धरा, पुसट अक्षर सावलीने उठून दिसतं.

तेल लावून चकाकी आणू नका, त्यावर धूळ बसते.

संरक्षित स्मारक असेल तर पुरातत्त्व विभागाच्या लेखी परवानगीशिवाय हात लावू नका.

सन वाचतानाही घाई नडते. चार्नॉकच्या कबरीवर 10 जानेवारी 1692 असं कोरलं आहे. इंग्लंडमध्ये तेव्हा वर्ष 25 मार्चला बदलायचं, म्हणून आजच्या हिशोबाने ते 1693. आपल्याकडे इसवी सन काढायला शकात 78 मिळवतात, पण पौषाच्या उत्तरार्धापासून फाल्गुनापर्यंतच्या तिथीला बहुधा 79 मिळवावे लागतात. वहीत आधी कोरलेला आकडा जसाच्या तसा उतरवा, बेरीज शेजारी वेगळी लिहा.